फ्रॅग टाकी: आधी पाण्याचा हिशेब, लाइट नंतर

फ्रॅग, म्हणजे कोरलचे (प्रवाळाचे) कापलेले तुकडे, वाढवायच्या टाकीचा तुमचा बेत वाचला. न्यू जर्सीत घराच्या तळघरात ४८ बाय २४ इंचांची, १२ इंच उंच टाकी. वर दोन महागडे एलईडी, आणि एवढ्या उथळ टाकीला संप (खाली ठेवायची जोडटाकी) कशाला म्हणून संपाला काट. मी नेमकं उलट करेन. एक लाइट कमी घ्या, पण संप घ्या.

हिशेब असा. १० इंच पाणी भरलंत तर जेमतेम ५० गॅलन होतात, पण पाण्याचा पृष्ठभाग आठ चौरस फूट असतो. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होतं, आणि हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की घरातली हवा कोरडीठाक. ५० गॅलनांतलं दोन गॅलन पाणी उडालं की ३५चा खारेपणा (हजारी ३५ भाग मीठ) साडेछत्तिसाच्या आसपास जातो, कारण मीठ मागेच राहतं. नुकत्याच कापलेल्या कोरलला हे रोजचं वरखाली सोसत नाही. संपात ३० गॅलन आणि जोडीला ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची आपोआप भर घालणारी सोय) असलं की हाच झोका बराच आटोक्यात येतो. टॉप-ऑफला आरओडीआयचंच (गाळून क्षार काढलेलं) पाणी, खारं नाही. हीटर, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) वगैरे पसाराही खाली जातो आणि वरची सगळी जागा तुकडे मांडायच्या रॅकला मिळते.

संप ठेवलात की वीज गेल्यावरचा विचार आलाच. तुमच्या मापात एक इंच पाणी म्हणजे पाच गॅलन. रिटर्नचं (संपातून पाणी वर आणणाऱ्या पाइपाचं) तोंड पृष्ठभागाखाली दोन इंच असेल तर पंप थांबल्यावर दहा गॅलन पाणी सायफनने खाली येणार, शिवाय पाइपांतलं वेगळं. म्हणून तोंड पृष्ठभागाला लागूनच ठेवा. पाइपाला सायफन तोडणारं भोक पाडा हवं तर, पण त्यावर विसंबू नका; ते शेवाळाने बुजतं. पहिल्यांदा नुसतं साधं पाणी भरून पंप मुद्दाम बंद करा आणि संप कुठपर्यंत भरतो ते बघा. तिथे मार्करने रेघ मारून ठेवा.

प्रवाहाचं सांगायचं तर साधा पॉवरहेड (टाकीत पाणी ढवळणारा पंप) एवढ्या कमी पाण्यात भोवरा करून हवा ओढतो आणि रॅकभर बुडबुडे होतात. आडवा पसरट प्रवाह देणारा जायर पंप २४ इंचांच्या बाजूला लावा. तळात वाळू नको.

लाइट पाण्याच्या जवळ टांगला की मधोमध भाजतं आणि कडा उपाशी राहतात. फूटभर वर टांगा. झोअँथिड, हॅमर या कोरलांना १०० पारच्या (पार म्हणजे कोरलला उपयोगी प्रकाशाचं माप) आसपास पुरे. अ‍ॅक्रोपोराला २५० ते ३००. मीटर विकत घ्यायची गरज नाही, बऱ्याच क्लबांत उसना मिळतो. नवा तुकडा आधी कडेला ठेवा, मग हळूहळू मधे सरकवा.

सुरुवातीला तुकडे एवढेसेच असतात, त्यामुळे पाणी बदलत राहिलं तरी भागतं. ते वाढायला लागले की अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटांचं माप, डीकेएचमध्ये मोजतात) रोज घसरते. कोरलने सांगाडा बांधताना कॅल्शियम २० पीपीएम खर्च होतं तेव्हा अल्कलिनिटी २.८ डीकेएच उतरते. कॅल्शियम ४२० वरून ४०० झालं तर टेस्ट किटवर धड कळतही नाही, अल्कलिनिटी मात्र ओरडून सांगते. तीच मोजा. ८ ठेवा की ९, पण एकदा ठरवलेला आकडा हलवू नका.

प्लगची (तुकडा चिकटवलेल्या छोट्या बुडख्याची) खालची बाजू भिंगातून बघा, एवढं मात्र टाळू नका. अ‍ॅक्रोपोराच्या बुडाशी, मेलेल्या पांढऱ्या भागावर तपकिरी बारीक ठिपक्यांचा पुंजका दिसला तर ती चपट्या कृमींची अंडी. डिपने (तुकडा औषधी पाण्यात बुचकळल्याने) कृमी गळतात, अंडी मरत नाहीत. तो प्लग फेका, तुकडा वरून कापून नव्या प्लगवर सुपरग्लू जेलने चिकटवा, आणि वेगळ्या टाकीत ठेवून पुन्हापुन्हा डिप करा.

झोअँथिड कापताना हातमोजे आणि गॉगल हवेतच. काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, डोळ्यात उडालं तर दवाखाना गाठावा लागतो. झोअँथिड वाढलेले दगड उकळून साफ करायचा उद्योग तर अजिबात नको. वाफेतून विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत.

राहिला पुण्याच्या भावाला चार तुकडे नेऊन द्यायचा प्रश्न. नेऊ नका. भारतात सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, आणि देशाबाहेर न्यायला साइट्सची (CITES, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागतात ती वेगळीच. भावाला क्लाउनफिशची टाकी लावून द्या.