आजोबांचं बिदरी पानदान काळं पडलंय, चिंचेने घासू का?

नका, कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीच लावू नका. बिदरी म्हणजे चांदीची नक्षी जडवलेलं काळं धातुकाम, त्याचा काळा रंग म्हणजे मळ नव्हे. ती वस्तू मुख्यतः जस्ताची असते, त्यात थोडं तांबं. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून कारागीर तो काळेपणा मुद्दाम आणतात, म्हणजे चांदीची नक्षी उठून दिसते. आंबट लागलं की जस्त खाल्लं जातं, रंग उडतो. चांदी उजळायला करतात तो सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलचा उपायही इथे नको.

मऊ सुती कापडाने कोरडंच पुसा. मग कापडावर खोबरेल तेलाचे एक-दोन थेंब घेऊन हलक्या हाताने फिरवा आणि तेल पूर्ण टिपून घ्या. चांदी मंद झाली असेल तर तेवढ्याच रेषांवरून कोरडं कापड धीराने चोळा. ठेवताना रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते.

रोजच्या तांब्या-पितळेला चिंच चालते, फक्त लगेच धुऊन कोरडं करा. आतल्या कल्हईला तारेची घासणी लावू नका.

मराठवाड्यात काही घरांत निजामाच्या काळातली नाणी सापडतात. ती अजिबात घासू नका, चकाकी आली की संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.