जपानची जोबान लाइन समुद्रकाठाने का गेली? २०११ च्या त्सुनामीनंतर ती पूर्ण सुरू झाली का?

हो, १४ मार्च २०२० पासून पूर्ण सुरू आहे. मी काही काळ टोक्योच्या ईशान्येला इबाराकी प्रांतात नोकरीला होतो आणि रोजची गाडी हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही लाइन काठाकाठाने गेली ती कोळशासाठी. इवाकीच्या आसपास खाणी होत्या आणि तो माल टोक्योला पोचवायचा होता. निप्पोन रेल्वे या खासगी कंपनीने १८९८ मध्ये लाइन पुरी केली, १९०६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. टोक्योतल्या निप्पोरीपासून सेंदाईच्या अलीकडच्या इवानुमापर्यंत सुमारे ३४४ किलोमीटर. किनाऱ्याने चढ कमी लागतात, त्यामुळे वाफेच्या इंजिनांच्या काळात उत्तरेला आओमोरीकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही तोहोकूची, म्हणजे ईशान्य जपानची, मुख्य लाइन सोडून इकडून जायच्या. १९५८ ला सुरू झालेली 'हात्सुकारी' एक्सप्रेस इथूनच धावायची. १९६८ मध्ये मुख्य लाइन विजेवर आणि दुहेरी झाली, तशी तीही तिकडे गेली.

टोक्योतच मिकावाशिमाला १९६२ मध्ये या लाइनवर तीन गाड्या एकमेकींवर आदळून १६० माणसं गेली. सिग्नल ओलांडला तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा त्यानंतर देशभर बसवण्यात आली.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. टोक्योकडून येणारी वीज डीसी (एकाच दिशेने वाहणारी) आहे, पण तोरिदे स्टेशन सोडलं की फुजिशिरोच्या आधी ती एसी (दिशा बदलत राहणारी) होते. मधल्या तुकड्यात तारेत वीजच नसते, गाडी आपल्या वेगावर तेवढी पुढे सरकते. जुन्या गाड्यांमध्ये तर दिवेही जायचे. हा खटाटोप इबाराकीतल्या काकिओकाच्या चुंबकीय वेधशाळेसाठी. डीसीचा परतीचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडवतो, म्हणून वेधशाळेच्या आसपास साधी डीसी चालत नाही. हिरव्या पट्ट्याच्या लोकल तोरिदेच्या पुढे जात नाहीत आणि निळ्या पट्ट्याच्या जातात, त्याचं कारण हेच: निळ्या गाड्या दोन्ही विजांवर चालतात, आणि अर्थातच महाग पडतात. ही वेधशाळा टोक्योतल्या विजेच्या ट्रामला कंटाळूनच १९१३ मध्ये काकिओकाला आली होती. आपल्याकडेही मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय नोंद १९०४ मध्ये अलिबागला हलवली होती, हे वाचून मला भारी गंमत वाटली. फरक एवढाच की काकिओकाच्या मागोमाग विजेची रेल्वे आली आणि तिलाच नमतं घ्यावं लागलं.

त्सुनामीबद्दल. ११ मार्च २०११ ला शिंची स्टेशनात चार डब्यांची गाडी उभी होती. भूकंप थांबल्यावर गाडीत योगायोगाने असलेल्या दोन तरुण पोलिसांनी प्रवाशांना उतरवून उंचावर नेलं. लाटेने डबे पिळवटून टाकले, पण त्या गाडीतला एकही प्रवासी दगावला नाही. पुढे कोमागामिने ते हामायोशिदा हा पट्टा जुन्या जागी न बांधता आत सरकवला, बराचसा उंचावर घेतला. तो डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाला. शेवटी राहिला तो तोमिओका ते नामिए हा २०.८ किलोमीटरचा तुकडा. त्सुनामीत अपघात झालेलं फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्र त्याच्या अगदी जवळ, त्यामुळे रूळ घालणं सोपं आणि किरणोत्सारी माती काढणं अवघड, असा उलटा मामला होता. ओनो ते फुताबा मार्ग पूर्वी दुहेरी होता. आता तिथे एकच रूळ आहे आणि दुसऱ्या रुळाच्या जागी, वेळ आली तर लोकांना बाहेर काढायला मोटारी नेता येतील असा रस्ता केलाय. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा आहे, कारण तिथे दुहेरी मार्ग लागेल एवढी वर्दळ लवकर परतणार नाही.

तुम्हाला प्रवासच करायचा असेल तर टोक्योहून सेंदाईपर्यंत 'हिताची' एक्सप्रेस आहे. साडेचार तासांच्या आसपास लागतात; शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) दीड तासात पोचता, तेव्हा घाई असेल तर हा नाद सोडा. सेंदाईपर्यंत जाणाऱ्या गाड्या मोजक्याच असल्याने वेळापत्रक आधी बघा. जेआर पास (परदेशी पर्यटकांचा रेल्वे पास) चालतो, जागा मात्र राखून घ्या आणि सेंदाईकडे तोंड करून उजवीकडची खिडकी मागा. पण समुद्र सतत दिसेल अशी अपेक्षा नको. हिताची स्टेशनाजवळ, नाकोसोच्या अलीकडे आणि सुएत्सुगी ते हिरोनो इथे तो खरा दिसतो, बाकी भातखाचरं आणि झाडी. हिताचीला उतरलात तर काचेच्या स्टेशनातून सरळ पॅसिफिकच समोर येतो; वास्तुरचनाकार काझुयो सेजिमा यांच्या देखरेखीखाली ते बांधलं गेलं. एक गाडी सोडून पुढच्या लोकलने गेलात तरी चालेल, इतकं ते बघण्यासारखं आहे.