अमेरिकन यादवी युद्धात सैनिकांना घरून आलेली पत्रं इतकी कमी का सापडतात?

सैनिकाने पाठवलेलं पत्र घरी पेटीत जपून राहिलं. घरून आलेलं मात्र त्याच्या पाठपिशवीत पावसा-चिखलातून फिरलं. १८६१ ते १८६५ या काळात असे किती कागद विरघळले असतील! शिवाय बायकोचे शब्द शत्रूने वाचू नयेत म्हणून बरेच जण लढाईआधी पत्रं जाळून टाकत. हे वाचलं की आजही गलबलून येतं.

अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत तर कागदाचीच टंचाई होती. वापरलेला लिफाफा उलटा करून पुन्हा चिकटवायचे, भिंतीला लावायच्या कागदाचेही लिफाफे करायचे. जागा संपली की पान आडवं धरून, आधी लिहिलेल्या ओळींवरच पुढचा मजकूर लिहायचा. म्हणून जी काही पत्रं उरली, तीही वाचायला डोळे ताणावे लागतात.