लाईट गेल्यावर सोलरपण का बंद पडतो?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी टपालात सगळे पावसाळ्याचेच प्रश्न. त्यातले चार घेतोय. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण तिथे दुसऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

प्रश्न: सबसिडी मिळते म्हणून छपरावर 3 किलोवॉटचा सोलर बसवला. आमच्या वाड्यावर पाऊस सुरू झाला की सारखी लाईट जाते, आणि बाहेर चांगलं ऊन असलं तरी लाईट गेली की सोलरपण बंद. मग एवढा खर्च करून उपयोग काय? शेजारी म्हणतात, छोटा जनरेटर घरातल्या एका प्लगला जोड, सोलरला वाटेल लाईट आली आणि तो पण चालू होईल. करू का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: नको. अजिबात नको, आणि शेजाऱ्यांनी स्वतःकडे तसं केलं असेल तर त्यांनाही आजच काढायला सांगा.

तुमचा सोलर बिघडलेला नाहीये. तो मुद्दामच तसा बनवलाय. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला जी 78,000 रुपये सबसिडी मिळते ती ग्रिडला, म्हणजे वीज खात्याच्या लाईनीला, जोडलेल्या सोलरला मिळते, आणि त्याचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) वीज खात्याच्या लाईनीवरचं व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी बघूनच चालतो. लाईन गेली की दोनेक सेकंदांत त्याने सुटं व्हायचं असतं. याला अँटी-आयलँडिंग म्हणतात.

हे कशासाठी ते सांगतो. तुमच्या वाड्यावरचा ट्रान्सफॉर्मर 11,000 व्होल्ट खाली आणून घरात 230 देतो एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. तोच ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतं. खालच्या बाजूने तुमच्या घरातून 230 ढकलले की वरच्या तारांवर 11,000 उभे राहतात. लोक म्हणतात, एवढ्याशा जनरेटरने काय होणार, अख्ख्या वाड्याचा लोड आला की तो आपणच बंद पडेल. बरेचदा पडतोही. पण फांदी पडून लाईन नेमकी तुमच्या जवळ तुटलेली असली तर लोड उरतो दोन-तीन घरांचा, आणि मग जनरेटर आरामात चालत राहतो आणि कोणाला काही कळतही नाही.

आता खांबावरचा माणूस डोळ्यांसमोर आणा. रात्रभर पाऊस, फणसाची फांदी तारांवर, फोनवर फोन की लाईट कधी येणार. लाईनमन सबस्टेशनला कळवून फीडर, म्हणजे त्या भागाची मुख्य लाईन, बंद करून घेतो, परमिट घेतो, स्विच खाली ओढतो, तारेत करंट नाही ना ते तपासतो, डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीला जोडतो आणि मगच वर चढतो. त्याच्या हिशोबाने लाईन मेलेली आहे. तेवढ्यात खाली कुठल्यातरी घरात जनरेटरची दोरी ओढली जाते. तारा जमिनीला जोडायचं हे काम, म्हणजे अर्थिंग, नीट केलेलं असेल तर तो वाचेल, पण घरगुती एलटी (कमी दाबाच्या) लाईनीवर घाईगडबडीत ते कधीकधी राहून जातं. लाईनमन लोक उलट्या करंटला का घाबरतात ते त्यांनाच विचारून बघा.

शिवाय तुमचंही नुकसान आहेच. सोलरची जास्तीची वीज जनरेटरमधे घुसली की तो जळू शकतो, आणि जनरेटर चालू असताना मेन लाईट आली तर दोन्ही समोरासमोर येतात, त्यात वायरिंगला आग लागू शकते.

करायचं काय? जनरेटर हवाच असेल तर लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे मेन आणि जनरेटर एकाच वेळी घराला लागूच शकणार नाहीत. सोलरच वापरायचा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. लाईट गेली की हा इन्व्हर्टर आधी ग्रिडपासून सुटा होतो आणि मग बॅकअपच्या वेगळ्या सर्किटवर पंखे, दिवे, फ्रिज चालवतो, पंप त्यावर घेऊ नका. खर्च वाढतो हे खरं आहे. बदल करण्याआधी वीज खात्याला कळवा, कारण तुमचा मीटर आणि करार सध्याच्या इन्व्हर्टरवर झालेला आहे.

आणि एक गोष्ट सोलर असलेल्या सगळ्यांसाठी: इन्व्हर्टर बंद असला तरी उजेड असेपर्यंत पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरीत डीसी व्होल्टेज असतंच, कधीकधी काहीशे व्होल्ट. देव न करो पण घराला आग लागली तर अग्निशामक दलाला पहिल्यांदा सांगा की छपरावर सोलर आहे.

प्रश्न: मुंबईला नोकरी करतो, चवथीला घरी येतो. कोकण रेल्वे विजेवर आली, वंदे भारत आली, तरी पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या रांगतात. कवच बसवलं की हे थांबेल ना?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: नाही थांबणार, आणि थांबू नये असंच मला वाटतं.

कवच ही गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. रुळांमधले टॅग आणि रेडिओ यांच्यावर ते चालतं, ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडायला घेतला किंवा स्पीड जास्त झाला तर आपणहून ब्रेक लावतं, 2020 मधे रेल्वेने ते देशभरासाठी ठरवलं. त्याच्या बरंच आधी कोकण रेल्वेने स्वतःचं टक्करविरोधी यंत्र काढलं होतं आणि त्याचं नावही रक्षाकवचच होतं, याचा आपल्याकडे कोणी फारसा उल्लेख करत नाही. पण आत्ता दोन मिनिटांपूर्वी डोंगरावरून जो दगड रुळावर आला तो यातल्या कशालाच दिसत नाही.

आणि कोकण रेल्वेवरची मोठी दुःखं दगडांचीच आहेत. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला जाणारी स्पेशल गाडी दरडीच्या दगडांवर आदळली, पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी 16 जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस दगडामुळे घसरून पुलावरून खाली गेली. त्यानंतर डोंगराचे उतार कमी केले, जाळ्या मारल्या, पर्जन्यमापक बसवले, मांडवी-झुआरीसारख्या पुलांवर वारा मोजायची यंत्रं बसवली, आणि पावसाळ्यात शेकडो माणसं हातात बॅटरी घेऊन रात्री रुळावरून गस्त घालत चालतात. आपण एसी डब्यात झोपलेलो असतो तेव्हा तो माणूस कटिंगमधे (डोंगर कापून काढलेल्या वाटेत) भिजत उभा असतो, त्याच्याकडे बघून मला उशीर झाल्याची तक्रार करवत नाही.

स्पीडचं गणित सोपं आहे. थांबायला लागणारं अंतर स्पीडच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ताशी 100 च्या गाडीला ताशी 40 च्या गाडीपेक्षा साधारण सहापट अंतर लागतं. मुसळधार पावसात वळणावरच्या कटिंगमधे ड्रायव्हरला समोरचं किती दिसतं? दिसलेल्या अंतरात गाडी थांबलीच पाहिजे, म्हणून पुढचं दिसेनासं झालं की 40. माझं मत असं की वंदे भारतच्या जाहिरातीवर जेवढा जोर असतो तेवढा दरडींच्या आणि बोगद्यांच्या कामावर दिसायला हवा. पेडण्याच्या बोगद्याने 2020 मधे भिंत कोसळून आणि 2024 मधे पाणी शिरून दोनदा गाड्या अडवल्या, आणि हे तर आपल्या दारातलंच आहे.

प्रश्न: झुआरीचा नवीन पूल केबलवर लटकतोय, त्यावरून जाताना आईला भीती वाटते, ती म्हणते जुना सिमेंटचा बरा होता. कोणता जास्त सुरक्षित?
— एक वाचक, कुठ्ठाळी

उत्तर: आईची भीती समजते, 5 जुलै 1986 ला पणजीचा मांडवीवरचा पूल पडला ते त्यांच्या पिढीने बघितलंय. पण तो पडला तोही सिमेंटचाच होता, आणि जेमतेम सोळा वर्षांचा. त्याच्या काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा असतात, त्या खाऱ्या हवेने गंजल्या, आणि बाहेरून कोणाला काही दिसलं नाही. 1983 चा जुना झुआरी पूलही तसाच ताणलेल्या तारांचा, म्हणजे प्रीस्ट्रेस्डच, त्यावर शेवटच्या काळात जड गाड्यांना बंदी होती. नव्या पुलाचा पहिला भाग डिसेंबर 2022 ला आणि दुसरा वर्षभराने सुरू झाला. त्याच्या मुख्य केबली बाहेर आहेत, त्यांचा ताण मोजता येतो आणि एखादी खराब झाली तर बदलता येते, खाऱ्या हवेच्या ठिकाणी हा मोठाच फायदा. पण तपासल्या तरच. विधानसभेत किंवा ग्रामसभेत पुलावरच्या रोषणाईबद्दल विचारतात, त्याऐवजी शेवटची तपासणी कधी झाली आणि रिपोर्ट कुठे बघायला मिळेल हे विचारा. आईला सांगा, बिनधास्त जा.

प्रश्न: आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. पावसात ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) सारखा पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणाला काढून टाकूया, कटकट जाईल.
— एक वाचक, काणकोण

उत्तर: काढू नका. घरगुती ईएलसीबी साधारण 30 मिलिअँपिअर करंट गळला की पडतो, माणसाचं हृदय बंद पडण्याआधी सुटका व्हावी म्हणून तो आकडा ठरवलेला आहे. तो सारखा पडतोय म्हणजे कुठेतरी करंट खरोखर गळतोय, बहुतेक ओल्या भिंतीतली जुनी वायर, गीझर किंवा विहिरीवरचा पंप. सगळे एमसीबी (बोर्डावरचे एकेका सर्किटचे स्विच) खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला तो पडेल त्या सर्किटमधे दोष. सगळे खाली असतानाही पडला तर न्यूट्रलचा किंवा ईएलसीबीचाच घोळ असू शकतो. दोष पंपाचा असेल तर दुरुस्ती होईपर्यंत तो एमसीबी खालीच ठेवा, विहिरीकडे मुलांना जाऊ देऊ नका. आणि या कामाला दुसरा इलेक्ट्रिशियन बोलवा.