शिश्किनचं जंगल सपाट का दिसत नाही

तुम्ही विचारलंय की इव्हान शिश्किन या रशियन चित्रकाराच्या चित्रांसारखं जंगल काढायचा प्रयत्न करतेय, एकेक पान रंगवलं, तरी चित्र छापील कापडासारखं सपाट दिसतं, मग तो नेमकं काय करायचा? जरा सविस्तर लिहितो, कारण तैलरंगात झाडं काढायला मी त्याचीच चित्रं बघून शिकलो.

मुळात त्याने एकेक पान रंगवलेलंच नाही. १८९१ सालचं 'ओकच्या जंगलातला पाऊस' पडद्यावर मोठं करून बघा. चिखलाची वाट, साचलेली डबकी, एका छत्रीखाली चाललेलं जोडपं. जवळच्या खोडांची साल हाताला लागेल अशी आहे. आता नजर त्या जोडप्याच्या पलीकडे न्या. तिथे साल नाही, पानं नाहीत, राखाडी-हिरवे नुसते आकार आहेत. त्याही मागे एका झाडापासून दुसरं वेगळं दिसतं ते छटेतल्या जेमतेम फरकामुळे. हवेत भरलेलं पाणी त्याने तपशील गाळून दाखवलंय. तुमच्या चित्रात मागचं झाडही पुढच्याइतकंच स्पष्ट असणार, म्हणून हवेला जागाच उरत नाही.

अस्वलांचं प्रसिद्ध चित्र, 'पाइनच्या जंगलातली सकाळ' (१८८९), तेही असंच बघा. त्यातली अस्वलं कॉन्स्तान्तिन साव्हित्स्की या दुसऱ्या चित्रकाराने काढली. त्याची सहीही होती, पण चित्र विकत घेणाऱ्या त्रेत्याकोव्हने ती पुसून टाकली. मला हे आजही खटकतं. पण अस्वलं क्षणभर बाजूला ठेवा. ऊन फक्त वरच्या फांद्यांवर आलंय, खाली अजून निळसर धुकं आहे आणि मोडून पडलेलं झाड जवळजवळ सावलीतच. सकाळ कळते ती या उजेडामुळे.

'शिश्किन म्हणजे कॅमेरा' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. त्याला झाड माहीत होतं. रशियातला पाइन घ्या. बुंध्याशी साल जाड, भेगाळलेली, करडी-तपकिरी. वर जावं तशी ती पातळ होते आणि नारिंगी दिसते. हे ठाऊक असलं की एक खोड चार रुंद फटकाऱ्यांत उभं राहतं. ठाऊक नसेल तर चारशे बारीक रेघा मारूनही ते विजेच्या खांबासारखं दिसतं.

ही ओळख त्याला बसल्या जागी झालेली नव्हती. जन्म १८३२चा, कामा नदीकाठच्या येलाबुगाचा. पीटर्सबर्गच्या कला अकादमीत शिकताना लादोगा सरोवरातल्या वालाम बेटावर जाऊन त्याने खडक आणि पाइन रंगवले. १८७२च्या उन्हाळ्यात क्राम्स्कोय हा चित्रकार त्याच्यासोबत राहत होता. त्याने एका पत्रात थक्क होऊन लिहिलंय की हा माणूस दिवसाला दोन-तीन स्टडी (समोर बघून केलेली अभ्यासचित्रं) करतो, त्याही गुंतागुंतीच्या आणि पूर्ण. पीटर्सबर्गजवळच्या पारगोलोवोत तर त्याने कुंपणाशी उगवलेल्या रानगवताचीसुद्धा स्टडी केली. १८९८चं शेवटचं मोठं चित्र, 'जहाजांच्या डोलकाठ्यांचं वन', पुन्हा येलाबुगाकडच्याच पाइनचं. त्याच वर्षी मार्चमध्ये इझलसमोर काम करतानाच तो गेला.

तेव्हा तुम्ही पाइनची नक्कल थोडे दिवस थांबवा. घराजवळचं एकच झाड निवडा, आंबा असो की साग. सकाळी आणि संध्याकाळी त्याच्या फक्त खोडाच्या पाच-सहा स्टडी करा, पोस्टकार्डएवढ्या. मग जंगलाचं चित्र घ्याल तेव्हा डोळे बारीक करून आधी तीन छटा ठरवा: मागची फिकी, मधली, पुढची गडद. मागचा भाग मोठ्या सपाट ब्रशने ओल्या रंगातच मिसळून टाका आणि तिथे परत हात लावू नका. बारीक ब्रश पुढच्या हातभर जमिनीसाठी राखून ठेवा.

आत्ताचं चित्र टाकून देऊ नका. मागच्या झाडांवर आकाशाच्या रंगाचा पातळ थर फिरवून बघा आणि फोटो इथेच टाका.