लातूरच्या पाण्याने आणि उन्हाने चेहरा खरखरीत झालाय, घरातल्याच वस्तूंनी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की शिकायला लातूरला खोली करून राहता, बोअरच्या पाण्याने गाल कोरडे पडलेत, काळवंडलेत, आणि व्हिडिओ पाहून रोज लिंबू नि खायचा सोडा लावता तर आग होते. ते लिंबू-सोडा आजपासूनच बंद करा. बाकीचं सावकाश करता येईल.

निरोगी त्वचेचा सामू (pH, आम्लपणा मोजायचा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ५ च्या आसपास असतो, म्हणजे किंचित आम्ल. लिंबाच्या रसाचा २ च्या जवळ जातो आणि सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. दोन्ही टोकं रोज सोसली तर वरचा नाजूक थर टिकायचा कसा? शिवाय आपल्या कागदी लिंबात, सालीत तर जास्तच, असे घटक असतात की ते अंगावर असताना कडक ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे राहिलेले काळे डाग कित्येक आठवडे, कधी महिनेही जात नाहीत. काळेपणा जावा म्हणून लावलेलं लिंबू काळेपणा वाढवतं, ते असं.

मी परभणीची. आपल्या मराठवाड्यात हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चिकट साका होतो आणि तो धुतल्यावरही अंगावर राहतो. बादलीच्या कडेला जो पांढुरका थर धरतो ना, तोच. म्हणून चेहऱ्याला साबण कमी करा. पिठाचा असा साका होत नाही. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या, एक चमचा पिठात चमचाभर साय किंवा ताजं, आंबट न झालेलं दही कालवा, आणि ओल्या चेहऱ्यावर हलक्या हाताने फिरवून लगेच धुवा. वाळेपर्यंत ठेवायचं नाही. वाळलेलं पीठ ओलावा ओढतं आणि खरवडून काढताना त्वचा सोलवटते. शेवटचा तांब्या जारच्या पाण्याचा घेतला तर उत्तम. मुलतानी मातीच्या वाट्याला या दिवसांत जाऊच नका, ती तेलकट चेहऱ्यासाठी ठीक.

हळद हवीच असेल तर चिमूटभर, आणि हळकुंडं आणून घरी दळलेली. विकतच्या सुट्या पुडीत कधी रंगाची भेसळ असते, ती चेहऱ्याला नको. हिंगोलीकडचं कुणी ओळखीचं असेल तर वसमतची हळद मागवा, तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

आता खरं काम करणारी गोष्ट, करडीचं तेल. बाहेरून महागडी तेलं मागवणाऱ्या मुली बघितल्या की मला राहवत नाही, कारण करडी आपल्या रब्बीचं पीक, परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाणही काढलेत. या तेलात लिनोलिक आम्ल (नावात आम्ल असलं तरी लिंबासारखं नाही, तेलातलाच स्निग्ध घटक) भरपूर, साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढे, आणि त्वचेच्या वरच्या थराला ओलावा धरून ठेवायला तेच लागतं. खोबरेल चेहऱ्यावर जड पडतं, पुटकुळ्या येणाऱ्यांना तर नकोच. करडीचं हलकं असतं. घाण्यावरून छोटी बाटली आणा. रात्री तोंड धुतलं की पुसून कोरडं करू नका. चेहरा ओलसर असतानाच तीन-चार थेंब तळहातावर चोळून दाबून लावा. कोरड्या चेहऱ्यावर तेल लावलं तर आत धरून ठेवायला ओलावाच नसतो. हे तेल लवकर खवट होतं, म्हणून उन्हापासून लांब ठेवा, आणि वास बदलला की कढईतही नको नि चेहऱ्यालाही नको.

त्याच तेलाचं मलम हिवाळ्यात पाय उलतात तेव्हा कामाला येतं. मधमाशीचं मेण एक भाग, तेल चार भाग, वजनाने. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण विरघळवा, थेट गॅसवर नको. गार होताना कडेने पांढुरकं दिसायला लागलं की डबीत ओता. उन्हाळ्यासाठी करत असाल तर तेल तीन भागच घ्या, नाहीतर आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात डबीत पातळ होऊन बसतं. रात्री टाचा धुऊन, ओलसर असतानाच लावून सुती मोजे घाला. ओठांनाही हेच चालतं.

पाणी, दही, दूध, कोरफड यांतलं काहीही पडलेलं मिश्रण साठवू नका. त्यात जंतू वाढतात, वास येईपर्यंत कळतही नाही. लागेल तेवढंच कालवा. कोरडं पीठ काचेच्या बरणीत खुशाल ठेवा. आणि नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा.

ऊन मात्र या कशानेही अडत नाही. त्यासाठी स्कार्फ आणि मेडिकलमधलं सनस्क्रीनच लागेल, त्यात कंजुषी करू नका.

सोडा बंद करूनही पंधरा दिवसांत आग थांबली नाही, किंवा गोल, खाजणारे चट्टे दिसले, तर पीठ-तेल बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर मेडिकलमधून कुणी सुचवलेली गोरेपणाची किंवा गजकर्णाची ट्यूब आणू नका. अशा बऱ्याच ट्यूबांत तीव्र स्टिरॉइड असतं आणि चेहऱ्याची कातडी त्याने पातळ होते.