पेशी खुर्चीवर येऊन बसतात

देवगड

चि. डॉक्टरीणबाई,

अनेक आशीर्वाद. स्टेमसेलपासून, म्हणजे मूळपेशींपासून, दात घडवायचं काम करायचंय, म्हणून गावातला दवाखाना नको, असं लिहिलंयस. जा, पुढे शिक. अडवणारा मी कोण? पण तुला हव्या त्या पेशी इथेच खुर्चीवर येऊन बसतात, हे तुझ्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

मे महिन्यात चाकरमानी आले की आठ वर्षांचं एखादं पोर कलमावरून कातळावर आपटतं आणि पुढचा दात मोडून घेतं. आई त्याला आणते ती हिरडीवर पुळी आल्यावर. एक्सरे काढ: मुळाचं टोक उघडं, भिंती पातळ, पल्प म्हणजे आतला मऊ गर मेलेला. पण त्या टोकापाशी मऊ उतीचा गोळा असतो, त्यातल्या मूळपेशी पू झाला तरी पुष्कळदा तग धरून असतात. आपण त्या मारायच्या नाहीत, आत येऊ द्यायच्या.

धुवायला जंतू मारणारं हायपोक्लोराइट दीड टक्क्याचं घे. रूट कॅनालला आपण जहाल वापरतो, त्याने जंतूंबरोबर या पेशीही जातात. फाइलने, त्या सुईएवढ्या कानशीने, भिंती खरवडू नकोस. औषध म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून तीनेक आठवडे बंद ठेव. मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकची पेस्ट पुढच्या दातात नकोच, दात काळवंडतो आणि मग आई तुझ्याशी भांडते. दुसऱ्या खेपेला अ‍ॅड्रेनलिन नसलेली भूल दे, नाहीतर रक्तच येत नाही. १७ टक्के ईडीटीएच्या द्रावणाने धुतलंस की डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या भिंतीत, अडकलेली वाढीची द्रव्यं मोकळी होतात. मग फाइल टोकापलीकडे २ मिलिमीटर नेऊन रक्त काढायचं, त्याबरोबर त्या पेशी आत येतात; गुठळी धरली की वर सिमेंट भरून बंद.

पुढे मूळ लांबलं, भिंत जाड झाली, तरी लगेच नवा पल्प आला म्हणून नाचू नकोस. आत बहुतेकदा सिमेंटमसारखी (मुळावरच्या कठीण थरासारखी) किंवा हाडासारखी ऊती भरते. २०१८ साली चीनमध्ये मुलांच्या स्वतःच्याच दुधाच्या दातातल्या पेशी वाढवून इजा झालेल्या दातांत घातल्या. तिथे रक्तपुरवठा नि संवेदना परतल्याचं छापून आलं. तो लेख मुळातून वाच. अख्खा दात म्हणशील तर एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात वर येईतो संपलेल्या असतात, घोडं तिथेच अडतं.

दुधाच्या दातातल्या या पेशींची माहिती २००३ साली प्रसिद्ध झाली. संशोधक सोंगताओ शी यांना ते स्वतःच्या मुलीच्या पडलेल्या दातावरून सुचलं. मग दातातल्या पेशी साठवून ठेवणारे बँकवाले आले. "डॉक्टर, पोरीचो दात कौलार टाकू काय बँकेत ठेवू?" असं इथेही विचारतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नाळेच्या रक्ताखेरीज अशा बँकांना परवानगी नाही. कौलावर टाक म्हणून बेलाशक सांग. तुला कमिशन द्यायला कोणी आलाच, तर चहा पाज आणि वाटेला लाव.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. पोर जूनमध्ये मुंबईला जातं, दुखत नसेल तर गणपतीतही फिरकत नाही. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं असे एक्सरे हातात नसले तर तुझ्या कामाला कोण विचारणार? पहिल्याच दिवशी आईबरोबर आजीचाही नंबर लिहून घे. पोरं सुट्टीला येतात ती तिच्याच दारात. एक्सरे नाव झाकून मलाही पाठवत जा.

तुझे,
सर